वडिलांचे मौन आणि मुलांचे प्रश्न

गेल्या वर्षी वर्षावासात, घरची वंदना आटोपल्यावर माझ्या दहा वर्षांच्या मुलीने मला विचारले, "बाबा, आजोबा त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी का नाही सांगत?" मी शिक्षक आहे, रोज चाळीस मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हते.

माझे वडील खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर राबले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि तो त्यांच्याच घामावर. परंतु खालापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या विहिरीवर काय घडले होते, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. विचारले की म्हणत, "तू अभ्यास कर. ते ऐकून तुला काय मिळणार?" शेवटी ते मला कळले आठवीत, वर्गातल्या एका मुलाकडून, टिंगलीच्या सुरात. आपल्या बापाची कहाणी परक्याच्या हसण्यातून ऐकावी लागणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक.

वडिलांना मी दोष देत नाही. मुलाला न्यूनगंड येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. हीच चिंता सुभेदार रामजी आंबेडकरांनाही होती. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत तो प्रसंग दिला आहे. दादा केळुसकरांनी दिलेले बुद्धचरित्र शाळकरी भीमरावांनी वाचले आणि वडिलांना विचारले, की तुम्ही आम्हांला रामायण-महाभारत वाचावयास लावता, बुद्धाचे वाङ्मय का देत नाही? सुभेदारांनी प्रथम दटावले; पोरांनी सांगितले तेवढे करावे, असे सुनावले. पण पुढे मुलाने धीर करून पुन्हा विचारले, तेव्हा उत्तर तयार होते! आपण अस्पृश्य आहोत, तुमच्या मनात न्यूनगंड येईल. तो जावा म्हणून द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्या गोष्टी वाचा, असे त्यांनी सांगितले. मुलाला ते पटले नाही. भीष्म-द्रोण, कृष्ण, राम यांपैकी एकही पात्र आपल्याला का आवडत नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. सुभेदार गप्प राहिले.

या प्रसंगात दोन मौने आहेत, असे मला वाटते. पहिले मुलाचे तोंड बंद करणारे. दुसरे मुलाचे ऐकून घेणारे, आपल्या घरात बंड उभे राहिले आहे हे ओळखणारे. सुभेदार पलटणीच्या शाळेतले हेडमास्तर, करारी गृहस्थ. एक थप्पड मारून विषय मिटविणे त्यांना कठीण नव्हते. ते त्यांनी केले नाही.

आता आपल्या घरांत पाहा. मुलांना त्रिशरण-पंचशील तोंडपाठ, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. मूल विचारते, "अमुक का करायचे नाही?" आपण म्हणतो, "बाबासाहेबांनी सांगितले म्हणून." जे उत्तर स्वतः बाबासाहेबांनी आपल्या वडिलांकडून स्वीकारले नाही, ते आपण त्यांच्याच नावाने देतो! सिगालाची कथा सर्वांना माहीत आहे. बापाने मरताना सांगितले म्हणून तो ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करीत होता; का, ते बापाने सांगितले नव्हते आणि मुलाने विचारले नव्हते. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, असे सांगत एकेका दिशेचा अर्थ उलगडून दाखविला.

राहुलाला खोटे न बोलण्याचा उपदेश करतानाही त्यांनी काठी उगारली नाही. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, हे तुला दिसते का, असे विचारले. आरसा कशासाठी असतो, असे विचारले. राहुल उत्तरे देत गेला. कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावरही ती तपासावी, चूक असेल तर जाणत्यापाशी उघड करावी, असे त्या उपदेशात आहे. पण उघड केल्यावर पाठीत धपाटाच बसणार असेल, तर कोणते मूल उघड करील? आमच्या शाळेत पालकसभेला येणारे बहुतेकजण विचारतात, "मार्क किती?" मूल काय विचारते, असे मला अजून कोणी विचारले नाही.

वेळ नाही ही तक्रार खोटी नव्हे. पहाटेच्या लोकलने कर्जतहून मुंबई गाठणारा बाप रात्री परततो तेव्हा मूल झोपलेले असते. पण वेळ नाही आणि धैर्य नाही, यांत फरक आहे. रविवारी तो स्पष्ट दिसतो. अपमान सांगितला तर मुलाच्या मनात विष कालवले जाईल, असे काहीजण म्हणतात. अपमानच तेवढा सांगितला तर तसे होईलही. मग आपल्याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर माणसे ओंजळ घेऊन उतरली, हे त्याच बैठकीत का सांगू नये?

हिवाळ्यात एका रविवारी वडिलांना आणि मुलीला घेऊन मी कोंडाण्याच्या लेण्यांत गेलो. जंगलातली चढण वडिलांनी हळूहळू पार केली. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मीत कोरलेली ओळ मी मुलीला दाखविली. कान्ह याच्या शिष्याने हे केले, असे त्यात आहे. वडील दगडावर टेकले होते. म्हणाले, "एवढ्या उंचावर ही माणसं पाणी कुठनं आणीत असतील?" आणि मग पाण्यावरून गोष्ट विहिरीवर आली.

मी आठवीत ऐकलेली हकीकत तीच होती. फक्त दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा हंडा घेऊन त्याच विहिरीवर गेली होती, हे मला कोणी सांगितले नव्हते. मुलीने विचारले, "मग पुढे काय झालं, आजोबा?" वडिलांनी तिला जवळ बसविले.