झिजणारा पाषाण आणि आपले दान

भाविकहो, पवनाकाठच्या पिंपळे गुरवहून श्री ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत पायी पंढरपूरला जाताना पुण्यापुढे दिवे घाट लागतो. तो चढताना कडेच्या कातळाकडेही पाहावे. एकावर एक रचलेले ते काळे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेल्या लाव्हारसाचे आहेत.

एवढ्या अफाट काळापुढे मनुष्याच्या सत्कर्माला काय मोल, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. पायरीवर कोरलेले दात्याचे नाव ऊनपावसाने पुसट होते, पुढे ती पायरीही झिजते. मग दान व्यर्थच म्हणावे काय?

याचे उत्तर घाट ओलांडल्यावर पायाखाली सापडते. पंढरीच्या वाटेवरील काळी माती ही याच जातीच्या पाषाणाची युगानुयुगे झालेली झीज होय. त्या मातीत ज्वारी पिकते व तिचीच भाकरी वारकऱ्याच्या हाती येते. कातळ मुळीच झिजला नसता, तर त्यावर कणीस उगवले नसते.

म्हणून दान करताना आपले नाव किती काळ टिकेल, हे न पाहता ते कोणाच्या मुखी घास होऊन जाईल, याचाच विचार करावा.