उन्हाळ्यातल्या मोर्णेचा उगम

महान धरणात किती टक्के साठा उरला, हे मार्च लागला की अकोल्यात पानठेल्यावरही सांगतात. काटेपूर्णेचं ते पाणी नळाला येईपर्यंत सगळ्यांचा त्यावर डोळा असतो. मोरीतून नालीत गेलं की त्याची चौकशी बंद. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं अभियंते धरतात. एवढं पाणी आपण रोज शहरातून वाहणाऱ्या मोर्णा नदीत बेवारस सोडतो.

जानेवारी 2018 मध्ये हजारो अकोलेकर मोर्णेत उतरले आणि हातांनी जलकुंभी ओढून काढली. 'मन की बात'मध्येही त्याचा उल्लेख झाला. त्या श्रमांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जलकुंभी वाढते ती नाल्यांमधून येणाऱ्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. ते खाद्य सुरू असेपर्यंत ती परत येणारच. म्हणून अकोल्याचं शिलोड्यातलं मलशुद्धीकरण केंद्र मोलाचं. त्याची क्षमता 30 एमएलडी, म्हणजे दिवसाला तीन कोटी लिटर.

अशा केंद्रात खरं काम जिवाणू करतात. जाळीत चिंध्या-प्लास्टिक अडकतं, रेती खाली बसते, मग पाणी हवेच्या टाकीत येतं. ब्लोअर तळातून हवा सोडतात, तपकिरी पाणी उकळल्यासारखं खदखदतं आणि जिवाणू त्यातली घाण खातात. टाकी नीट चालली असेल तर ओल्या मातीचा वास येतो. वीज गेली, हवा थांबली की काही तासांतच सडक्या अंड्यांची दुर्गंधी सुटते. म्हणजे उद्घाटनाच्या फितीपेक्षा वीजबिल, ऑपरेटर आणि घराघरांतून आलेली जोडणी यांवर सगळं अवलंबून आहे.

पण केंद्र उत्तम चाललं तरी एक प्रश्न राहतो, आणि तो आपल्या वऱ्हाडाचा खास आहे. सांडपाण्याचे निकष ज्या विचारातून आले, त्यात नदीला स्वतःचं पाणी असणं गृहीत होतं. ब्रिटनच्या शाही आयोगाने 1912 मध्ये मर्यादा सुचवल्या त्या नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल, या हिशेबाने. आपल्याकडे 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांबाहेरच्या शहरांना लिटरमागे 30 मिलिग्रॅम बीओडीची, म्हणजे उरलेली घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची, मुभा दिली. एप्रिल-मे महिन्यांत मोर्णेत आठपट पाणी आणायचं कुठून? पातूरकडून येणारी धार धरणातच अडते. शहरात वाहतात त्या नाल्याच. तेव्हा केंद्रातलं पाणी नदीत मिसळत नाही, तेच नदी होतं. उन्हाळ्यातल्या मोर्णेचा उगम म्हणूनच शिलोड्याकडे पाहायला हवं आणि तिथला निकष त्याच हिशेबाने कडक हवा. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सांगितलेली 10 मिलिग्रॅमची मर्यादा मला म्हणूनच वाजवी वाटते.

अमरावतीची गोष्ट तर अजून विलक्षण आहे. तिथे पाणी येतं ऊर्ध्व वर्धा धरणातून. ते पाणी मुळात गोदावरीच्या खोऱ्यातलं, बंगालच्या उपसागराकडे जाणारं. शहराने ते वापरलं की अंबा नाल्याने पेढीत, पेढीतून पूर्णेत आणि तापीमार्गे ते अरबी समुद्राकडे वळतं. एका खोऱ्याचं पाणी घेऊन दुसऱ्याला मळ द्यायचा, हा व्यवहार आपण कसा पचवतो? आणि याच पेढीच्या काठी वलगावजवळ 1956 मध्ये स्वच्छता शिकवणाऱ्या गाडगेबाबांनी देह ठेवला.

मोर्णा आणि पेढी ज्या पूर्णेला मिळतात, तिच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. विहीर खोदली तर खारं पाणी लागतं. तिथल्या शेतकऱ्याला नदीचं गोडं पाणी किती मोलाचं, हे शहराने समजून घ्यायला हवं.

शुद्ध केलेल्या या पाण्यावर आणखी एक हक्कदार आहे: अकोल्याजवळचं पारसचं औष्णिक वीज केंद्र. औष्णिक केंद्राच्या 50 किलोमीटरच्या आत शहराचं सांडपाणी शुद्ध होत असेल तर तेच वापरावं, असं 2016 चं केंद्रीय वीजदर धोरण सांगतं. कोराडीला नागपूरचं असं पाणी जातंच. तत्त्व मला मान्य आहे. विजेसाठी पिण्याचं पाणी जाळणं चूकच. पण पारसला सगळं दिलं तर उन्हाळ्यात मोर्णा कोरडी पडेल. करार करायचा झाला तर नदीचा वाटा आधी ठरवून लिहा. आणि महानच्या टक्केवारीशेजारी शिलोड्याच्या पाण्याचा बीओडीही रोज छापून येऊ द्या.