त्यांचं दचकणं, आपलं दर्शन?

आजचा श्लोक गीतेच्या 5व्या अध्यायातला 18वा. ज्ञानी माणूस विद्वान, गाय, हत्ती, कुत्रा सगळ्यांकडे समदृष्टीने बघतो.

वाचताना मला पोर्टो रिको आठवलं. क्रूझ सान हुआनला थांबली, तेव्हा आम्ही फाहार्दोच्या लगूना ग्रांदेत रात्री कयाकने गेलो. वल्हं फिरलं की पाणी निळसर उजळायचं. ‘देवाची लीला!’ सगळे म्हणाले. पण तो प्रकाश म्हणजे सूक्ष्मजीवांचा बचाव. पाणी ढवळलं की ते चमकतात.

मग त्यांना दचकवून आपण दर्शन घ्यावं का? मला वाटतं, जावं, पण मर्यादेत. तिथे पोहायला बंदी आहे; अंगावरचं सनस्क्रीन त्या जिवांना बाधतं. समदृष्टी म्हणजे नुसतं कौतुक नव्हे, स्वतःला आवरणंही.

आज तुम्ही कुठे वल्हं हळू माराल?