आशेचे मोल

पालीची शेपटी तुटली तर पुन्हा येते. माणसाचे बोट तुटले तर येत नाही. सृष्टीने हा पक्षपात का केला असावा, असे लहानपणी प्रत्येकाला एकदा तरी वाटते. पण नीट पाहिले तर तिने माणसालाही अगदीच रित्या हाताने पाठवलेले नाही. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिची जागा घेणाऱ्या नव्या पेशी हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत अहोरात्र तयार होत असतात. खरचटलेली कातडी भरून येते. या नवलाईमागे ज्या पेशी असतात त्यांना मूळ पेशी म्हणतात. त्यांचे काम अजून ठरायचे असते. पेरणीसाठी कणगीत राखलेल्या बियाण्यासारख्या त्या शरीरात राखून ठेवलेल्या असतात.

या बियाण्यापासून आणखी काय काय उगवता येईल, याचा शोध आज जगभर चालू आहे. गेलेली दृष्टी, दुखावलेला मज्जारज्जू, झिजलेला गुडघा ही सारी पुन्हा उभी करता येतील का, असा तो शोध आहे. त्याचे शास्त्र सांगण्याचा अधिकार माझा नाही. मी शाळेत भाषा शिकवते, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते, आणि माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पण या वाटेवर एक प्रश्न आडवा येतो तो शास्त्राचा नाही, नीतीचा आहे. आणि नीतीच्या प्रश्नाला पदवी लागत नाही. प्रश्न असा : जे अजून कोणालाच ठाऊक नाही, त्याची किंमत कोणी मोजायची?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, कोलशेतमध्ये भेटला. ठाण्याच्या खाडीकाठचे हे गाव. एका अंगाला कोळी-आगऱ्यांची जुनी घरे. दुसऱ्या अंगाला, जिथे पूर्वी रंग-रसायनांचा कारखाना होता, तिथे आता मान वर करून पाहावे लागतील असे मनोरे. गावातल्या एका गृहस्थांचा मुलगा सहा वर्षांचा झाला तरी बोलत नाही, नजरेला नजर देत नाही. डॉक्टरांनी त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असे नाव दिले. जमीन विकून आलेले थोडे पैसे या गृहस्थांच्या गाठीशी होते. एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आले की मुलाच्याच मज्जेतल्या मूळ पेशी काढून त्याच्या पाठीच्या कण्यात टोचता येतात, पुष्कळ मुलांना गुण येतो, आणि खर्च काही लाखांचा आहे. ते माझ्याकडे विचारायला आले. मी काही बोलण्याआधीच म्हणाले, “बाई, पैसा माझा, पोर माझं. वाया गेला तर माझाच जाईल. पण उद्या हे पोर बोलायला लागलं आणि त्यानं विचारलं, बाबा, तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, तर काय सांगू?”

या प्रश्नाला ‘शास्त्राने हे सिद्ध केलेले नाही’ एवढे उत्तर पुरे पडत नाही. ते खरे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार रक्ताच्या व तत्सम काही विकारांवरील मूळ पेशींचे रोपण तेवढे मान्य उपचार आहे. बाकी सारे अजून प्रयोगाच्या कक्षेतले. २०२२ साली राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानेही स्वमग्नतेवर हा उपचार करू नये असे सांगितले. पण बुडणाऱ्या माणसाला काठावरून नियम वाचून दाखवण्यात मोठेपणा नाही. त्या बापाच्या बोलण्यात जे खरे आहे ते आधी मानले पाहिजे. आशा ठेवणे हा त्याचा हक्क आहे. तो हक्क कोणतेही सरकार, कोणतीही परिषद काढून घेऊ शकत नाही.

मग आक्षेप कशाला आहे? तो समजायला थोडे मागे जावे लागते. आज रक्ताच्या कर्करोगावर मज्जारोपण हा रुळलेला उपचार आहे. पण अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ साली या विषयावरचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला तेव्हा त्यात सहा रोग्यांची हकीकत होती, आणि त्या सहांपैकी कोणीही शंभर दिवसांपलीकडे जगले नव्हते. हे अपयश त्यांनी झाकले नाही. जगापुढे मांडले, म्हणून पुढच्यांना कळले की काय करायचे नाही. त्यानंतर अनेकांनी अनेक वर्षे मान मोडून काम केले. १९९० साली थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, मार्च १९८३ मध्ये, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या देशातले पहिले असे रोपण केले होते. रोगी नऊ वर्षांची मुलगी होती आणि मज्जा देणारा तिचा भाऊ. अडवाणी ही विद्या सिअ‍ॅटलला शिकून आले होते. ते स्वतः लहानपणीच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीत बसून काम करीत. परळच्या त्या खोलीत जी आशा होती ती त्या सहा मेलेल्या माणसांच्या नोंदीवर उभी होती, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

नोंद ही गोष्ट वाटते तेवढी कोरडी नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतले एक काम पाहा. आपल्याकडे तंबाखूला लावायच्या चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागते, ती दाबताना फुटते, आणि चुना डोळ्यात जातो. बुबुळाच्या कडेला असलेल्या मूळ पेशी जळून जातात आणि डोळा पांढरा होतो. डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती काढली व २०१२ साली ती प्रसिद्ध केली : चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा कण घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक तुकडे करायचे, आणि बाळंतपणानंतर टाकून देतात त्या गर्भवेष्टनाचा पापुद्रा जळलेल्या डोळ्यावर पसरून त्यावर ते पेरायचे. शेतकऱ्याने रोप लावावे तसे. पुढे १२५ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला : ९५ जणांच्या डोळ्यांचा पृष्ठभाग स्वच्छ राहिला. उरलेले ३० त्याच हिशेबात आहेत, आणि मला त्या ३०चेच महत्त्व अधिक वाटते. ते लिहिलेले आहेत म्हणून ९५वर विश्वास ठेवता येतो.

आता याच्या शेजारी दोन गोष्टी ठेवते. दोन्ही म्हातारपणी डोळ्याचा पडदा झिजण्याच्या विकाराच्या. जपानमध्ये कोबे येथे सप्टेंबर २०१४ मध्ये डॉ. मासायो ताकाहाशी यांच्या पथकाने सत्तरी ओलांडलेल्या एका बाईच्या कातडीपासून मूळ पेशी घडवल्या, त्यांपासून पडद्याचा पापुद्रा तयार केला आणि तिच्या डोळ्यात बसवला. कातडीच्या पेशीला असे पुन्हा बीजरूप देण्याची रीत शिन्या यामानाका यांची. तिला २०१२चे नोबेल मिळाले होते. जगाचे डोळे या प्रयोगाकडे लागले होते. पण दुसऱ्या रोग्यासाठी घडवलेल्या पेशींत जनुकांचे काही बदल दिसले, आणि पथकाने हात आवरता घेतला. वर्षानंतर पहिल्या बाईची दृष्टी सुधारली नव्हती, बिघडलीही नव्हती. जसे होते तसे त्यांनी सांगितले. त्याच सुमारास, २०१५ साली, अमेरिकेत फ्लोरिडामधल्या एका दवाखान्यात तीन वृद्ध स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचण्यात आल्या. प्रत्येकीने पाच हजार डॉलर भरले होते. हे संशोधनच आहे असा त्यांच्यापैकी काहींचा समज होता. काही दिवसांतच तिघींची दृष्टी गेली. या दोन्ही हकिकती २०१७ साली एकाच वैद्यकीय नियतकालिकात लागोपाठच्या पानांवर छापून आल्या.

दोन्हीकडे पेशी होत्या, सुई होती, आशा होती. दोन्हीकडचे डॉक्टर पूर्ण सत्य जाणत नव्हते. फरक एवढाच की कोबेत त्या न जाणण्याचा भार शोधणाऱ्याने उचलला. थांबून, तपासून, हात राखून. फ्लोरिडात तो रोग्याच्या नावे बिल म्हणून फाडला गेला. म्हणूनच संशोधनाच्या नियमांत एक साधे कलम आहे : प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून प्रयोगाचा खर्च घ्यायचा नाही. मला हे कलम नुसते कायद्याचे वाटत नाही. जो म्हणतो ‘मला ठाऊक नाही, मला शिकायचे आहे’, त्याने शिकण्याची फी भरली पाहिजे. जो म्हणतो ‘मला ठाऊक आहे’, त्याने मोबदला जरूर घ्यावा, पण मग पुरावा दाखवावा. शिकाऊचा हात आणि तज्ज्ञाची फी, असे दोन्ही एका माणसाला घेता येणार नाही.

आणि यात सर्वांत मोठे नुकसान पैशाचे नाहीच. पैसे भरून टोचून घेतलेली हजार मुले कोणत्याच वहीत नसतात. ज्याला गुण आला असे वाटते त्याचे नाव जाहिरातीत येते. ज्याला आला नाही तो मुकाट घरी जातो. मूल वयाने वाढते तसे थोडे सुधारतेही, आणि त्याचे श्रेय सुईला मिळते. हजार मुलांनंतरही आपण जिथे होतो तिथेच. काही डझन मुलांचा एक नीट केलेला प्रयोग जे सांगू शकला असता, ते हा व्यापार कधीच कळू देत नाही. म्हणजे आजच्या बापाला तर तो फसवतोच, उद्याच्या बापासाठी ठेवायचे ज्ञानही खाऊन टाकतो.

याला एक उत्तर येईल, आणि ते टाळू नये. संशोधन वर्षानुवर्षे चालते. मुलाचे सहावे वर्ष मात्र एकदाच येते. हे खरेच कठोर आहे. पण म्हणूनच जे आज ठाऊक आहे ते तरी त्या मुलापर्यंत आजच पोचले पाहिजे. बोलायला शिकवणारा जाणता माणूस, चित्रांच्या पाट्या, वर्गात त्याच्यासाठी एक शांत कोपरा, त्याला न हसणारी मुले. यांतले काही लाखांचे नाही. यांतले बरेचसे आमच्या शाळांच्या हातचे आहे, आणि आम्ही ते देत नाही तेव्हा बापाला सुईच्या दारात ढकलणाऱ्यांत आमचाही हात असतो.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले की तिथे जाऊन दोन प्रश्न विचारा. हा प्रयोग असेल तर पैसे कशाचे? आणि हा उपचार असेल तर ज्यांना गुण आला नाही त्यांची वही कुठे आहे? ते गेले, विचारून आले. त्यांना चहा मिळाला, वही मिळाली नाही. त्यांनी अजून काही ठरवलेले नाही आणि मी त्यांना घाईही करत नाही. मुलगा दोन महिन्यांपासून सकाळी तासभर माझ्या वर्गात येऊन बसतो. बोलत नाही. पण घंटा झाली की इतरांबरोबर उठतो. मी ते तारीखवार लिहून ठेवते. ज्या दिवशी उठत नाही, तो दिवसही.