किनाऱ्यावरच्यांचें देणें

बेलापूरच्या धक्क्यावरून मुंबईस जलमार्गानें जाण्याची नवी सोय १७ फेब्रुवारी २०२२ रोजीं सुरू झाली, तेव्हां नव्या मुंबईंतील पुष्कळांनीं तिचें हौसेनें स्वागत केलें. खाडीच्या कांठीं राहूनहि आम्हां सुशिक्षितांच्या वस्तीला खाडी म्हणजे पुलावरून दिसणारें पाणी, एवढेंच तोंपर्यंत ठाऊक होतें. नौकेंत बसतांना अंगावर जीवरक्षक जाकीट चढविलें जातें, आणि मग मनांत सहजच एक प्रश्न उभा राहतो. नौका बुडूं लागली तर हें जाकीट आम्हांस तरंगत ठेवील खरें. पण पाण्यांतून उचलून घ्यावयास कोण येईल? आणि जो येईल, तो कां म्हणून येईल?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर याच समुद्राच्या इतिहासांत आहे. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं आठच्या सुमारास ‘रामदास’ नांवाची आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. तिच्यावर सातशेंहून अधिक माणसें होतीं. तासाभरांत काशाच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्यानें ती एका अंगावर कलली, भ्यालेले उतारू या बाजूचे त्या बाजूस धांवले, आणि पाहतां पाहतां बोट उलटून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें. मुंबई जेमतेम दहा मैलांवर. पण तिला या अनर्थाची वार्ता लागली ती संध्याकाळच्या सुमारास, आणि तीहि पोहून आलेल्या एका मुलाच्या तोंडून. मधल्या वेळांत रेवसचे कोळी मासळी भरलेल्या आपल्या होड्या घेऊन मुंबईच्या बाजाराकडे निघाले होते. त्यांनीं ती मासळी समुद्रांत लोटून दिली आणि तिच्या जागीं माणसें घेतलीं. अशीं सुमारें ७५ माणसें त्यांनीं वांचविलीं.

मासळी लोटून दिली, हा तपशील आम्हांस या साऱ्या हकीकतींत सर्वांत बोलका वाटतो. कोळ्याच्या होडींतील मासळी म्हणजे त्या दिवसाची मजुरी, जाळ्याचें कर्ज आणि घरचा बाजार. ऐन आषाढाच्या पाण्यांत जिवावर उदार होऊन मिळविलेली ती मासळी टाकतांना, बुडणारा कोणत्या गांवचा, कोणत्या जातीचा, पुढें भरपाई देईल कीं नाहीं, हें विचारण्यास कोणाला सवड नव्हती. विचारलें असतें तर एकहि माणूस वांचला नसता.

अशा माणसांना आपण देवमाणसें म्हणतों. शब्द चांगला आहे, परंतु त्यांत एक लबाडी लपलेली आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. जें देवाचें काम तें आपणांस लागू पडत नाहीं! एकदां कोळ्यास देव्हाऱ्यांत बसविला म्हणजे त्याच्यापुढें हात जोडले कीं आपलें काम संपलें. कृतज्ञतेचा हा फार स्वस्त प्रकार झाला.

कायद्याकडे पाहावें तर तोहि या बाबतींत मोठा सावध दिसतो. इंग्रजी कायद्याच्या परंपरेंत, आणि आपला कायदा पुष्कळसा तिच्यांतूनच आलेला आहे, तळ्यांत बुडणाऱ्या परक्या माणसास हात न देणारा दुष्ट ठरेल. गुन्हेगार ठरेलच असें नाहीं. समुद्रावर मात्र नियम अधिक कडक आहे. १९१० सालच्या ब्रुसेल्सच्या करारानें असें ठरलें कीं, समुद्रांत प्राणसंकटांत सांपडलेल्या कोणाहि माणसास, मग तो शत्रु कां असेना, साह्य करणें हें कप्तानाचें कर्तव्य आहे. मात्र त्यांत स्वतःच्या जहाजास, खलाशांस व उतारूंस गंभीर धोका नसला पाहिजे. हें ‘मात्र’ मोठें महत्त्वाचें आहे. जेथें स्वतःच्या प्राणास धोका सुरू होतो तेथें कायदा पाऊल मागें घेतो, आणि ज्याला खरोखर वांचवावयाचें असतें तो बहुधा त्या रेषेच्या पलीकडेच बुडत असतो.

दर्यावर्दी लोक यावर म्हणतील कीं, आज तो पाण्यांत आहे, उद्यां आम्ही असूं. म्हणून एकमेकांस सोडूं नये. खलाशी-खलाशांत हा हिशेब चोख आहे. पण ‘रामदास’वरच्या कारकुनास, शेतकऱ्यास किंवा मुलांबाळांसह गांवीं निघालेल्या बाईस तो लागू पडतो काय? ज्या कोळ्यानें त्यांना उचललें, त्याच्या होडीला कधीं संकट आलें तर त्यांच्यापैकीं कोणी वल्हें मारीत जाणार नव्हतें, कारण त्यांना वल्हें धरतां येत नव्हतें. येथें परतफेड मुळांतच अशक्य आहे. आमचाहि वर्ग तोच. आम्हीं घेतलेलें देणें ज्या नाण्यांत घेतलें त्या नाण्यांत आम्ही कधींच फेडूं शकत नाहीं. मग दुसऱ्या नाण्यांत फेडावयाचें कीं नाहीं, एवढाच प्रश्न उरतो.

हें दुसरें नाणें कोणतें, तें इंग्लंडांतील एका लहानशा गांवानें शोधून काढलें. १७८९ सालीं टाईन नदीच्या मुखाशीं ‘ॲडव्हेंचर’ नांवाचें जहाज वादळांत रुतलें. किनाऱ्यावर लोकांची दाटी जमली होती. जहाज इतकें जवळ होतें कीं दोरखंडांवरून एकेक खलाशी गळून पडतांना स्पष्ट दिसत होता. परंतु त्या लाटांत टिकेल अशी होडीच कोणाजवळ नव्हती. पाहणाऱ्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेचें त्यांनीं चांगलें चीज केलें. साउथ शील्ड्सच्या गृहस्थांनीं अशा होडीच्या उत्तम नमुन्यास दोन गिनींचें बक्षीस लाविलें, आणि १७९० सालीं तेथें केवळ जीव वांचविण्यासाठीं बांधलेली ‘ओरिजिनल’ नांवाची नौका पाण्यांत उतरली. पुढें १८२४ मध्यें विल्यम हिलरी याच्या प्रयत्नानें या कामाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ती अद्याप लोकांच्या देणग्यांवर चालते, आणि तिच्या नौकांनीं आजवर १,४०,००० हून अधिक जीव वांचविले आहेत. जीवरक्षक नौकेचें ठाणें म्हणजे या लोकांनीं केलेली कामाची वांटणी होय. लाटेंत जाणारे थोडे. पण होडी, तिची छपरी, तेल, दुरुस्ती आणि गेलेला परत न आल्यास त्याच्या घरच्यांचा निर्वाह, हा भार न जाणाऱ्यांनीं उचलावयाचा.

कोणी म्हणेल, साह्याची अशी बांधणी केली कीं त्यांतलें औदार्य नाहींसें होतें. आधीं वचन दिलें म्हणजे मग जाणें हें नुसतें कर्तव्य उरतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्रीं कॉर्नवॉलच्या माउसहोल गांवीं पेनलीच्या ठाण्यावर बोलावणें आलें, तेव्हां माणसें मागण्याची वेळच आली नाहीं. हवीं होतीं त्यांहून अधिक माणसें धांवत आलीं. नौकेच्या तांडेलानें एका तरुणास परत पाठविलें, कारण त्याचा बाप आधींच निघाला होता, आणि अशा रात्रीं एका घरांतून एकच पुरे, असें त्याचें मत होतें. बुडत्या जहाजावरून त्यांनीं चौघांना उतरवून घेतलें, आणि राहिलेल्यांसाठीं पुन्हां वळले. तीं आठहि माणसें परत आलीं नाहींत. दुसऱ्याच दिवशीं गांवांतील पुरेशा माणसांनीं नव्या तुकडीसाठीं आपलीं नांवें दिलीं, आणि परत पाठविलेला तो तरुण पुढें त्याच ठाण्याच्या नौकेचा तांडेल झाला. या माणसांचें औदार्य ठाण्यामुळें कमी झालें, असें म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं.

आपल्याकडे आतां तटरक्षक दल आहे, मग हें कशाला, असें वाचक विचारतील. १९७७ सालीं उभें राहिलेलें आणि पुढल्या वर्षीं कायद्यानें पक्कें झालेलें तें दल मोठ्या योग्यतेचें आहे, यांत शंका नाहीं. परंतु बुडणारा माणूस मिनिटें मोजीत असतो, आणि त्याच्यापाशीं पहिल्यानें पोंचतो तो जवळचा. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर चांचणी चाललेली नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जीव गेले. त्या वेळीं नौदलाच्या व तटरक्षकांच्या नौकांबरोबर बंदरांतल्या होड्या आणि मच्छिमारहि धांवले, आणि वांचलेल्यांपैकीं पुष्कळांना न्हावा-शेवा बंदराच्या रुग्णालयांत आणलें गेलें. ‘रामदास’ बुडून ७७ वर्षें लोटलीं, तरी कोळ्याची होडी अजून हिशेबांतून वगळतां आलेली नाहीं.

आणि हाच हिशेब आमच्या शहरानें कसा ठेवला? १९८९ मध्यें सुरू झालेल्या त्याच न्हावा-शेवा बंदरासाठीं शेव्याचा जुना कोळीवाडा उठविण्यांत आला. त्या कुटुंबांना दिलेली नवी जागा वाळवीनें पोखरलेली निघाली, आणि त्यांची तक्रार कित्येक वर्षें मिटली नाहीं. खाडीच्या कांठचीं दिवाळें, सारसोळें हीं जुनीं कोळ्यांचीं गांवें इमारतींच्या गर्दींत राहिलीं, आणि भरावानें खाडीचें पाणीहि आक्रसत गेलें. होडी लावावयास जागा नाहीं, जाळ्यांत पूर्वीइतकी मासळी नाहीं, म्हणून कोळ्याचा मुलगा नोकरी शोधतो. त्यांत त्याचा दोष काय? परंतु अशी एकेक होडी कमी होते तेव्हां आमच्या बाजूचा एकेक तारणारा कमी होतो, ही गोष्ट कोणत्याहि नगररचनेच्या नकाशावर दिसत नाहीं.

दिवाळें, करंजा, रेवस अशा ठिकाणीं एकेक चांगली यंत्रहोडी, एकेक बिनतारी संच, जाणाऱ्यांचा विमा, आणि मासळी टाकावी लागली तर त्या बुडालेल्या दिवसाची भरपाई, एवढी तरतूद करण्यास फार मोठा खजिना लागेल असें आम्हांस वाटत नाहीं. जलप्रवासाच्या तिकिटावर थोडे रुपये वाढविले तरी आरंभ होईल. भाडें फार म्हणून याच बेलापूरच्या धक्क्याकडे आमच्यांतल्या पुष्कळांनीं पाठ फिरविली, हें आम्ही विसरलों नाहीं, आणि त्या पुष्कळांत आम्हीहि होतों.