आंधळा वादक आणि त्याचे गुरु

(योहानाचें शुभवर्तमान, अध्याय ९ यावर मनन)

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत एका जन्मांध मनुष्याची हकीकत आहे. आपल्या मंडळ्यांत ती पुष्कळ वेळां वाचली जाते. प्रभु वाटेनें जात असतां तो मनुष्य दृष्टीस पडला, आणि शिष्यांनीं लागलाच प्रश्न केला कीं, याच्या आंधळेपणाला कारण कोणाचें पाप, याचें कीं याच्या आईबापांचें? या प्रश्नावर उपदेश पुष्कळ झाले आहेत. परंतु एक लहानशी गोष्ट आपल्या ध्यानांत क्वचितच येते. तो मनुष्य आंधळा होता, बहिरा नव्हता. त्याच्या समोर त्याच्या पापाची चौकशी चालली होती, आणि त्याला मात्र कोणीं एक शब्दही विचारला नव्हता.

आपल्या गांवांतही असेंच घडतें. घरांत आंधळें किंवा अपंग मूल जन्मलें म्हणजे शेजारीपाजारी उंबऱ्यापाशीं बसून बोलूं लागतात. कोणी मागल्या जन्माचें संचित काढितो, कोणी ग्रहणाचा दोष सांगतो, कोणी आईच्या पायगुणाला बोल लावितो. आपण ख्रिस्ती आहों, मागला जन्म मानीत नाहीं. तरी जुनी जीभ सहज सुटत नाहीं, आणि संचिताच्या जागीं ‘देवाची शिक्षा’ हे शब्द घालून आपणही तेंच बोलतों. मूल कोपऱ्यांत बसून सर्व ऐकत असतें. जें मूल वर्षानुवर्षें आपल्याविषयीं हेंच ऐकतें, तें आपल्याविषयीं दुसरें काय मानील?

म्हणून आज आम्ही आपणांस एका आंधळ्या मुलाची खरी हकीकत सांगणार आहों. ती इंग्लंडांतील आहे. परंतु तिच्यांतील प्रश्न आपलाच आहे.

या मुलाचें नांव डेरेक पॅराविसिनी. त्याचा जन्म इ. स. १९७९ च्या जुलै महिन्यांत झाला. मूल आईच्या पोटांत सुमारें चाळीस आठवडे राहतें. डेरेक पंचवीस आठवड्यांतच जन्मास आला, म्हणजे पुरते सहा महिनेही भरले नव्हते. त्याचें वजन अर्ध्या किलोहून थोडेंच अधिक होतें. त्याच्याबरोबरची जुळी बहीण जगली नाहीं. इतक्या कोंवळ्या मुलाचीं फुप्फुसें आपलें काम करण्याजोगीं झालेलीं नसतात, म्हणून डॉक्टरांनीं त्याला प्राणवायु देऊन जगविलें. त्यानें जीव वांचला. परंतु त्याच प्राणवायूमुळें त्याची दृष्टि गेली. डोळ्याच्या आंत मागल्या बाजूस जो नाजूक पडदा असतो, त्याच्या रक्तवाहिन्या अशा मुलांत अर्धवट वाढलेल्या असतात. प्राणवायु अधिक झाला म्हणजे त्या पुढें वेड्यावांकड्या वाढूं लागतात, आणि शेवटीं पडदाच जागचा ओढला जातो. डेरेकच्या मेंदूच्या वाढीलाही धक्का बसला, आणि इतर मुलें सहज शिकतात त्या गोष्टी शिकणें त्याला फार जड झालें.

आतां शिष्यांचा प्रश्न येथें विचारून पाहा. पाप कोणाचें? या विकाराचें वर्णन प्रथम अमेरिकेंतील डॉक्टर टेरी यांनीं १९४२ सालीं केलें. १९५१ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर केट कॅम्पबेल बाईंनीं प्राणवायूकडे बोट दाखविलें, आणि थोड्याच वर्षांत त्यांचें म्हणणें खरें ठरलें. तेव्हां डॉक्टरांनीं प्राणवायु कमी केला. डोळे वांचूं लागले, पण कांहीं मुलें प्राणवायूवांचून दगावलीं. अशा रीतीनें शहाण्या व दयाळू माणसांनाही जीव आणि दृष्टि या दोहोंमधून वाट चाचपडत शोधावी लागली. येथें पापाचा शोध करणाराच्या हातीं पाप लागत नाहीं. एका लेंकराचा जीव राखण्याची धडपड तेवढी त्याला दिसते. प्रभूनेंही त्या जन्मांधाला आणि त्याच्या आईबापांना त्या दोषांतून मोकळें केलें, आणि मागें काय घडलें याचा विचार सोडून पुढें कोणतें काम करावयाचें आहे, याकडे शिष्यांचें लक्ष वळविलें.

डेरेकच्या बाबतींत तें पुढचें काम घरांतच सुरू झालें. तो सुमारें दोन वर्षांचा असतां त्याला सांभाळणाऱ्या आयाबाईंनीं घरांतील पट्ट्यांची एक लहानशी पेटी त्याच्यापुढें ठेविली. मुलाला दिसत नव्हतें आणि बोललेलें नीट समजत नव्हतें. परंतु पट्टी दाबली कीं सूर निघतो, आणि तीच पट्टी पुन्हां दाबली कीं तोच सूर निघतो, ही गोष्ट त्याला कळली. कोणीं न शिकवितां तो ऐकलेलीं गाणीं त्या पेटीवर काढूं लागला.

तो चार-पांच वर्षांचा झाला तेव्हां आईबाप त्याला लंडन शहरांतील लिंडन लॉज नांवाच्या अंधांच्या शाळेंत घेऊन गेले. तेथें अ‍ॅडम ऑकलफर्ड नांवाचे संगीतशिक्षक दुसऱ्या एका विद्यार्थ्याला पियानो शिकवीत होते. पियानोला आपल्या पेटीसारख्याच काळ्या व पांढऱ्या पट्ट्या असतात; परंतु त्याला भाता नसतो. पट्टी दाबली कीं आंतील लहानशी हातोडी ताणलेल्या तारांवर पडते आणि सूर उमटतो. तो सूर कानीं पडतांच डेरेकनें आईबापांच्या हातांतून स्वतःला सोडवून घेतलें, आवाजाच्या रोखानें तो पियानोशीं गेला, वाजविणाऱ्या विद्यार्थ्याला त्यानें ढकलून दिलें, आणि आपण वाजवूं लागला. बोटांनीं, मुठींनीं, कोपरांनीं, मध्येंच नाकानेंसुद्धां! दुसरे लोक हात कसे चालवितात हें त्यानें कधीं पाहिलें नव्हतें. जेथें इवलीं बोटें पोहोंचत नसत तेथें तो कोपर मारीत असे.

बंधूंनो, आपण तेथें असतों तर काय केलें असतें? आपल्या उपासनेच्या खोलींत भजन चाललें असतां एखादें आंधळें मूल सरकत सरकत पेटीपाशीं येतें आणि पट्ट्यांवर हात टाकतें. आपण लागलेंच म्हणतों, ‘हात लावूं नको, पट्टी मोडेल, कोणी याला बाहेर न्या.’ पेटी मंडळीची आहे, वर्गणी काढून घेतलेली आहे, हें खरें. परंतु तें मूलही मंडळीचेंच आहे, हें आपण त्या वेळीं विसरतों.

ऑकलफर्ड यांनीं मुलाला बाहेर काढलें नाहीं. त्यांनीं आधीं ऐकून घेतलें. आणि त्या सगळ्या गोंधळांत एक ओळखीचें गाणें आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं डेरेकला आठवड्यांतून एकदां, आणि पुढें रोज, शिकविण्याचें पत्करलें. तें काम सोपें नव्हतें. शिक्षक शेजारीं बसून वाजवूं लागले कीं मूल त्यांनाही ढकलून देई. शब्दांनीं समजाविण्याची सोय नव्हती. तेव्हां शिक्षकांनीं त्याला उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावें, आणि तो परत येईपर्यंत जे थोडे क्षण मिळतील तेवढ्यांत कांहीं सूर वाजवून घ्यावे. मुलानें येऊन त्यांना बाजूस सारावें, आणि ऐकलेलें आपण वाजवून दाखवावें. असें करतां करतां दोघांचें सुरांत बोलणें सुरू झालें. एकानें वाजवावें, दुसऱ्यानें उत्तर द्यावें. कोपरांच्या जागीं बोटें येण्यास वर्षें लागलीं, पण तीं आलीं.

डेरेक सात वर्षांचा असतां दक्षिण लंडनमध्यें लोकांपुढें प्रथम वाजवावयास बसला. नवव्या वर्षीं त्यानें लंडनच्या बार्बिकन सभागृहांत रॉयल फिलहार्मोनिक पॉप्स या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर पियानो वाजविला. एकदां ऐकलेलें गाणें तो वाजवूं शकतो, आणि गाणाराचा आवाज जेथें लागेल त्या पट्टींत तें फिरवून वाजवितो. दहा सूर एकदम दाबले तरी त्यांतील प्रत्येक सूर त्याला वेगळा ऐकूं येतो. इ. स. २०११ मध्यें मॅथ्यू किंग या संगीतकारांनीं पियानो व वाद्यवृंद यांची एक रचना खास त्याच्यासाठीं केली. परंतु कपडे घालण्यासारख्या नित्याच्या कामांत मोठेपणींही त्याला दुसऱ्याची मदत लागत आली आहे. शब्दांनीं तो फार थोडें सांगूं शकतो. जें सांगावयाचें तें सुरांनीं सांगतो, आणि सभागृहांतील लोक तें निमूटपणें ऐकतात.

ही हकीकत ऐकून कोणीं असा समज करून घेऊं नये कीं, देव डोळे घेतो आणि त्यांच्या बदल्यांत गळा किंवा बोटें देतो. असा हिशेब देवाच्या घरीं नाहीं. पुष्कळ आंधळीं मुलें गात नाहींत, वाजवीत नाहींत. कांहीं बोलतही नाहींत. ज्याला सूर सांपडला त्याचें मोल अधिक, आणि ज्याला सांपडला नाहीं त्याचें कमी, असें आपण मानूं लागलों तर जुन्या संचिताच्या जागीं आपण दुसरें संचित आणून बसविलें असें होईल. डेरेकसारखें देणें लाखांत एखाद्याला असतें. परंतु आयाबाईंनीं जें केलें आणि शिक्षकांनीं जें केलें, त्याला असामान्य देणें लागत नाहीं. एकीनें मुलापुढें पेटी ठेविली; दुसऱ्यानें ढकलून घेऊनही आपली जागा दिली आणि ऐकलें. तें तुम्हांआम्हांस करतां येण्याजोगें आहे.

नवव्या अध्यायाचा उरलेला भागही याच दृष्टीनें वाचून पाहा. त्या मनुष्याला दृष्टि मिळाल्यावर शेजारी त्याच्याविषयीं वाद घालितात. परूशी त्याला प्रश्न विचारितात, पण त्याचें उत्तर त्यांना नको असतें. आईबाप भीतीनें अंग काढून घेतात. आणि शेवटीं त्याला बाहेर घालवून देतात. मग प्रभु त्याला पुन्हां शोधून काढितो, त्याच्याशीं बोलतो, आणि त्याचें बोलणें ऐकून घेतो. दृष्टि देण्याचें सामर्थ्य आपल्या हातीं नाहीं. परंतु शोधून काढणें आणि ऐकून घेणें हें आपल्या हातीं आहे.

आतां कर्तव्याविषयीं थोडें सांगतों. पहिलें असें कीं, डेरेकची दृष्टि ज्या विकारानें गेली त्याच्यावर आज वेळेवर उपचार होऊं शकतो. जें मूल ३४ आठवड्यांच्या आधीं, म्हणजे सुमारें आठव्या महिन्याच्या आंत, जन्मलें असेल, किंवा जन्मतः ज्याचें वजन २००० ग्रॅमपेक्षां कमी असेल, त्याच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आंत नेत्रवैद्याकडून तपासून घ्यावा. फारच लहान जन्मलेल्या मुलाची तपासणी याहूनही लवकर व्हावी लागते. विकार दिसला तर लेझर किरणांनीं पुष्कळ मुलांचे डोळे वांचवितां येतात. महिना दोन महिने दवडले तर मग इलाज उरत नाहीं. उपदेशक बंधूंनीं आणि बायबल-बायांनीं ही गोष्ट प्रत्येक बाळंतिणीच्या घरीं सांगावी. प्राणवायूची भीति मात्र कोणाला घालूं नये. त्यानेंच जीव वांचतो.

दुसरें असें कीं, ज्या मुलाची दृष्टि गेलीच आहे त्याला शाळा मिळवून द्यावी. मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड बाईंनीं इ. स. १९०० सालीं अंध मुलांसाठीं शाळा काढिली, तेव्हां आंधळें मूल शिकूं शकेल असें मानणारे लोक थोडे होते. आज तशा शाळा ठिकठिकाणीं आहेत. तरी कित्येक मुलें अजून घराच्या कोपऱ्यांतच बसलेलीं आहेत, कारण त्यांना तेथवर पोहोंचविण्यास कोणी उठत नाहीं.

तिसरी गोष्ट अगदीं लहान आहे. अशा घरीं भेटीस गेलां म्हणजे आईबापांशीं बोलण्याच्या आधीं त्या मुलाला त्याच्या नांवानें हांक मारा, आणि तें उत्तर देईपर्यंत थांबा. त्याच्या दोषाची चर्चा कोणी काढिली तर ती तेथेंच थांबवा. येत्या रविवारीं त्याला हातास धरून उपासनेला आणा, पेटीजवळ बसवा, आणि भजन संपल्यावर घटकाभर पट्ट्यांवर त्याचे हात फिरूं द्या. त्यांतून गाणें निघेल किंवा न निघेल. परंतु आपल्यासाठीं येथें जागा आहे, इतकें त्या मुलाला कळेल.

प्रभु आपणां सर्वांना अशीं लेंकरें शोधून काढण्याची बुद्धि देवो, आणि त्यांचें म्हणणें ऐकून घेण्याचा धीर देवो. आमेन.