कच्चा रंग

लोकरीची लड हळदीच्या पाण्यात उकळली की पिवळीधमक होते, पण उन्हात तो रंग उडतो. मिठाईतलं टार्ट्राझिन व्हिनेगर घालून तापवलं, तर लोकरीतल्या प्रथिनाला घट्ट धरून बसतं. दोन्ही रंग खाण्याचेच. मग हळद खोटी का? आपण टिकण्यालाच खरेपणा समजतो. ‘पक्का’ हा शब्द माणसांनाही लावतो. इथे शहापूर-मुरबाडच्या रानात फाल्गुनात पळस फुलतो. त्याच्या फुलांचा रंग रंगपंचमीपुरताच, तरी त्याला कुणी फसवा म्हणत नाही, कारण टिकण्याचं वचन त्यानं दिलेलंच नसतं. फसवणूक होते ती उडणार हे ठाऊक असून गप्प राहिल्यावर. हळदीत रंगवलेला स्वेटर खुशाल भेट द्यावा, पण सांगून.